राखाडी चौकटी

बारकीने पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले, दोन दाढा पडल्या, तरी घरात ती बारकीच राहिली. शेंडेफळाला हे भोगावंच लागतं. वर एक थोरला भाऊ, तो दादा. दादा शिकला, नोकरीला लागला, लग्न करून दूरच्या शहरात गेला. आई वारली. मग उरले बाबा, बारकी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या.

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की त्यांना बोलावणं यायचं. आतली माणसं बाहेर आली की आधी पाणी मागतात आणि मग भांडतात, असं ते सांगायचे. असा माणूस स्वतः राहिला कुठे, तर बिनलिफ्टच्या इमारतीत. जिना एवढा अरुंद की कपाट वर आणायचं तर ते गॅलरीतून दोरीने ओढावं लागे. बाबांचा खुबा मोडला तेव्हा चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून घामाघूम होत खाली नेलं आणि तसंच परत वर आणलं. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि बारकीच्या खांद्यावर हात टाकून न्हाणीपर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास.

बाईने बापासाठी आयुष्य वाहिलं, असं शेजारीपाजारी म्हणतात. म्हणायला काय जातं? बारकीने काही वाहिलं-बिहिलं नव्हतं. सकाळचा चहा, दुपारी शेजारणीकडे किल्ली देऊन ठेवणं, संध्याकाळी पाय चोळणं, असं करता करता ते आपलं निघून गेलं. मध्ये दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा दादा म्हणाला, "जरा बाबांचं मार्गी लागू दे." बाबांचं काही मार्गी लागलं नाही आणि स्थळं आपापल्या मार्गाने गेली.

नोकरी चष्म्याच्या दुकानात. पुढे आरसे, दिवे, फ्रेमची कपाटं. पडद्यामागे एका टेबलाशी बारकी. काच आली की तिचा नंबर तपासायचा, मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा, फ्रेमच्या मापाने घासायची, कड गुळगुळीत करायची आणि खाचेत बसवायची. काच जराशी फिरली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि ते दोष डोळ्यांच्या डॉक्टरला देतं. बारकीने बसवलेली काच फिरत नसे. मालकाला हे ठाऊक होतं, पण मालक लोक असल्या गोष्टी सहसा बोलून दाखवत नाहीत.

त्या वर्षी मात्र त्याने बोलून दाखवलं. दुसऱ्या शहरात तो काचा घासायचा कारखाना काढत होता. "सगळ्या दुकानांच्या काचा तिथेच येतील. हाताखाली मुली असतील. मला तिथे तुम्ही हव्यात," तो म्हणाला. "राहायला कारखान्याच्या माळ्यावर खोली आहे. महिनाअखेर सांगा. नाही म्हणालात तर दुसरं माणूस बघेन, मला राग नाही."

माळ्यावर जायला लोखंडी शिडी होती. म्हणजे बाबांना बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. बारकीने मान हलवली आणि टेबलाशी येऊन बसली. तिला जायचं होतं. हे तिने मनातल्या मनात पहिल्यांदाच इतकं स्वच्छ म्हटलं, आणि हातातल्या काचेचा टवका उडाला. कित्येक वर्षांत तिच्या हातून टवका उडाला नव्हता.

आता बाबांना ठेवायचं कुठे? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिने दादाला फोन करून सरळ विचारलं.

"माझी काही ना नाही गं," दादा म्हणाला. "पण आमचं घर म्हणजे काडेपेटी. त्यात तुझ्या वहिनीचे गुडघे."

"मग एखाद्या आश्रमात बघू या का?"

"छे छे. लोक काय म्हणतील? आपलं घराणं..." आणि इथून त्याची गाडी घराण्यावर गेली.

दादा निवृत्त झाल्यापासून त्याला हे वेड लागलं होतं. इंटरनेटवर एक कंपनी आहे, ती माणसांना त्यांचे पूर्वज शोधून देते. वर्षाची वर्गणी भरायची, आपल्याला ठाऊक असलेली नावं भरायची, की पडद्यावर झाड उभं राहतं. प्रत्येक माणसाला एक चौकट. चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकला की समजायचं, कंपनीला त्या माणसाविषयी कुठल्यातरी जुन्या दप्तरात काहीतरी सापडलंय. दादा रोज संध्याकाळी दिवे बघत बसायचा. त्याच्यापाशी पणजोबांच्या पणजोबांची चौकट होती. जिवंत बापाला मात्र त्याचा फोन महिन्यातून एकदा येई, आणि तोही "आजोबांच्या मामाचं नाव काय होतं?" हे विचारायला. बाकी औषध कुठलं द्यावं, उशी किती उंच असावी, हे सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं बारकीला कळवलं जाई.

मागे एकदा कंपनीची एक प्लास्टिकची नळी टपालाने घरी आली होती. त्यात बाबांची थुंकी भरून पाठवायची, म्हणजे रक्ताचे नातेवाईक सापडतात, असं दादाचं म्हणणं. अर्धा तास आधी पाणीसुद्धा प्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं तोंड आधीच कोरडं. बाबा म्हणाले, "लिंबू कापून दाखव." बारकी लिंबू धरून उभी राहिली, बाबा लिंबाकडे बघत राहिले आणि नळी एकदाची रेघेपर्यंत भरली. "दादाला कळव," तोंड पुसत बाबा म्हणाले, "बापाने आता थुंकीसुद्धा दिली. आणखी काही उरलं असेल तर सांग म्हणावं."

पण त्या थुंकीने एक काम केलं. अक्का सापडली.

अक्का म्हणजे थोरल्या काकांची मुलगी. लहानपणी शाळेसाठी ती याच दोन खोल्यांत राहिली, बाबांनीच तिला शिकवलं. लग्न होऊन गेली, गावं बदलली, फोन नंबर बदलले आणि माग सुटला. पण जाताना ती म्हणाली होती, "काका, मी घर बांधीन तेव्हा तळमजल्यावर तुमची खोली काढीन." अक्का बोलल्यासारखं करणारी बाई होती. दादाने ती सापडल्याचं मोठ्या दिमाखात सांगितलं होतं, आणि महिनाअखेरचा हिशेब डोक्यात घोळवताना बारकीला तेच आठवलं.

"दादा, मला अक्काचा नंबर दे."

"नंबर नाही गं दिसत तिथे. कंपनीचे नियम असतात."

"मग निरोप पाठव. म्हणावं, बारकीला बोलायचंय."

"पाठवतो की."

दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाला, ती उत्तर देत नाही. आणखी दोन दिवसांनी म्हणाला, ती बहुधा आजारी आहे. त्यानंतर म्हणाला, लोक बदलतात, आपण कशाला मागे लागायचं. दादा असा पायरी पायरीने बोलायला लागला की काहीतरी लपवतो, हे बारकीला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण अक्का तिच्याशी बोलणार नाही यावर तिचा विश्वास बसेना, आणि दादा खोटं बोलेल यावरही बसेना.

एवढ्यात दादाला बाबांचा एक जुना फोटो हवा झाला, कामाच्या पोशाखातला, खांद्यावर हत्यारांची पिशवी असलेला. बारकीला तो थेट झाडावर चढवता यावा म्हणून त्याने तिला पाहुणी म्हणून आत यायची परवानगी दिली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. दादाच्या मनात तेवढाही उजेड नव्हता. आपण काय करून ठेवलंय हे फोटोच्या नादात तो साफ विसरला होता.

दुपारच्या सुट्टीत, दुकानातल्या संगणकावरून बारकीने फोटो चढवला आणि मग सगळं झाड उघडून पाहिलं. वर सगळे पूर्वज ओळीने, नावानिशी, त्यांच्या हिरव्या दिव्यांसकट. खाली आई. आईशेजारी बाबा. नाव, जन्माचं साल, आडवी रेघ, आणि रेघेपुढे मागच्या वर्षाचं साल.

तिला आधी वाटलं, छपाईची चूक. तिने चौकट दाबली. आत लिहिलं होतं, मृत. त्याखाली नातेवाइकांचे निरोप. बहुतेक माणसं तिच्या ओळखीची नव्हती, पण हळहळली सगळीच होती. सर्वांत वर अक्का. "काका गेले आणि मला आत्ता कळतंय. त्यांच्यासाठी खोली काढली होती. शेवटी त्यांना त्रास झाला का रे? बारकी कशी आहे? मला कधीही फोन कर," आणि खाली नंबर. त्याखाली दादाचं उत्तर: "शांतपणे गेले. मी उशाशी होतो."

बारकीने ते उत्तर पुन्हा वाचलं. बाप मेल्याचं तिला तेवढं लागलं नाही, कारण बाप घरी खिडकीत बसलेला होता, हे तिला ठाऊक होतं. पण उशाशी? उशी कुठल्या कुशीवर किती दुमडायची, पहाटे खोकला आला की पाठीत कुठे हात फिरवायचा, हे ज्या माणसाला माहीत नाही तो उशाशी होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याचा आणखी राग आला.

मग तिने स्वतःला शोधलं. आईबाबांच्या खाली दोन रेघा उतरत होत्या. एका रेघेला दादा लटकला होता. झाडाचा मालक म्हणून त्याचा फोटो होता, हसरा. दुसऱ्या रेघेला एक राखाडी चौकट. नाव नाही, साल नाही, दिवा नाही. आत एकच शब्द: खाजगी.

तिने तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, बाबा गेले?"

"काय सांगतेस? कधी?" दादाचा आवाज एकदम चिरकला.

"मागच्या वर्षी. तू उशाशी होतास म्हणे."

पलीकडे दादाने सुस्कारा सोडला. "घाबरवलंस गं मला. ते होय? अगं, ती तांत्रिक बाब आहे. जिवंत माणसाची माहिती कंपनी झाकून ठेवते. चौकट राखाडी करते आणि दिवा लावत नाही. बाबांच्या जुन्या नोकरीचं काही सापडतंय का ते मला बघायचं होतं. म्हणून मृत या शब्दावर खूण केली. तात्पुरती. सगळेच करतात."

"आणि दिवा लागला?"

"नाही ना. काहीच सापडलं नाही."

"मग खूण काढली का नाहीस?"

"काढणार होतो. तेवढ्यात अक्काचा निरोप आला. तिने इतकं मनापासून लिहिलं, तिला कसं सांगायचं, की अगं गेले नाहीत, मी नुसती टिचकी मारली? तिच्यामागून बाकीचे आले. माणूस अडकतो गं. आणि आता ते सगळ्या चुलत्यांनी आपापल्या झाडांवर उतरवून घेतलंय. कुठे कुठे पुसू? तसंही, आता बाबांचं किती दिवस..." इथे तो थांबला.

पुढचं बारकीला न बोलताच कळलं. दादा वाट बघत होता. थोडी कळ काढली की चूक आपोआप खरी होणार होती आणि पुसायचं कामच उरणार नव्हतं.

फोन ठेवून तिने कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं: माझे वडील जिवंत आहेत, त्यांना मृत दाखवलं आहे, कृपया दुरुस्त करा. उत्तर लगेच आलं. "आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल आम्हाला मनापासून दुःख आहे. त्यांचं स्मृतिपान उघडायचं असल्यास या महिन्यात सवलत आहे." तिने पुन्हा लिहिलं. या वेळी बहुधा माणूस होता. पाहुण्याला फक्त फोटो चढवता येतो, माहितीत बदल झाडाच्या मालकालाच करता येतो, असं त्याने नम्रपणे कळवलं. तिच्या घरात नाहीतरी वेगळं काय होतं?

बाबांना काही सांगायचं नाही, असं ठरवून ती जिना चढली. पण आयुष्यभर बंद दारांमागचे आवाज ओळखणारा माणूस तो.

"काच फुटली का दुकानात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चेहरा का फुटलाय?"

तिने फोनवर झाड उघडून तो त्यांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला, तिनेच बसवलेला, आणि सावकाश सगळं वाचलं.

"फोटो बरा आलाय," ते म्हणाले. मग आणखी खाली वाचलं. "हा उशाशी होता होय? मला कसा दिसला नाही?"

बारकीला हसू आलं आणि हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं. मालक, कारखाना, माळा, लोखंडी शिडी, महिनाअखेर. या घरात ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

"ही राखाडी चौकट कुणाची?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माझी."

"नाव का नाही?"

"जिवंत माणसांचं नाव दाखवत नाहीत."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि तू जिवंत आहेस, हे त्यांना कुणी सांगितलं?"

ते थट्टेत बोलले होते. पण दोघांनाही ती थट्टा वाटली नाही. बाबांनी घसा साफ केला. "लाव अक्काला फोन. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. मीच बोलतो."

फोन उचलला गेला. बाबा म्हणाले, "अक्के, काका बोलतोय. लिफ्टवाला."

अक्काने बारीक आवाजात विचारलं, "कुठून?"

"तिसऱ्या मजल्यावरून. आणखी कुठून बोलणार?"

अक्का रडली, हसली, दादाला तिने इथे लिहिता येणार नाही असं काहीबाही म्हटलं, आणि पुन्हा रडली. तिचं मन मोकळं होऊ देऊन बाबांनी बारकीच्या नोकरीचं सांगितलं. स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवय नव्हती, म्हणून खोलीची गोष्ट त्यांनी शेवटी आणि घाईघाईत काढली.

अक्काचा आवाज उतरला. बारकीला तेव्हाच कळलं.

"काका, खोली तुमच्यासाठीच होती हो. न्हाणीत धरायला दांडासुद्धा बसवला होता. तुम्ही गेलात असं वाचलं, नंतर माझ्या मुलीचा संसार मोडला. दोन लेकरं घेऊन ती आली. तिला तिथेच ठेवलं. आता तिला कुठे जा म्हणू?"

"जा म्हणू नकोस," बाबा लगेच म्हणाले. "आणि दांडा?"

"आहे ना. पोरं लोंबकळतात त्याला."

"मग पक्का बसवलाय," बाबा म्हणाले आणि फोन बारकीकडे दिला. अक्का पुढे पुष्कळ बोलली. बारकी "हो" म्हणत राहिली. एका टिचकीसरशी बाबा वर्षभरापूर्वी मेले होते, आणि त्या टिचकीने गेलेली खोली आता कुठल्याही टिचकीने परत येणार नव्हती. दादाने मुद्दाम काही केलं नव्हतं. हे तर अधिकच वाईट होतं, कारण मुद्दाम केलं असतं तर निदान त्याच्याशी कायमचं भांडता आलं असतं.

पुढच्या दिवसांत तिने जमेल ते केलं. दिवसभरासाठी बाई शोधली. ती जिना पाहून परत गेली. दुसरी आली, तिला बाबांना उचलणं झेपेना. दादाने फोन उचलणं कमी केलं. वहिनीने गुडघ्याचा फोटो पाठवला. इकडे आड तिकडे विहीर तरी म्हणावं, तर विहिरीपर्यंत जायलाही हा जिनाच उतरावा लागणार होता. महिनाअखेरीला बारकी मालकासमोर उभी राहिली आणि जमत नाही म्हणाली. मालक "बरं" म्हणाला. कारखान्यावर काउंटरवरची बाई गेली. जाताना तिने बारकीकडून काचेवर ठिपका कसा द्यायचा ते शिकून घेतलं, आणि बारकीने ते नीट शिकवलं.

अक्काच्या शिव्या मात्र फुकट गेल्या नाहीत. एका रविवारी दुपारी दादाचा फोन आला. "झालं बरं का. बाबांना जिवंत केलं."

"आभारी आहे," पलंगावरून बाबा म्हणाले.

बारकीने झाड उघडून बाबांपुढे धरलं. दादाने खरंच खूण काढली होती, आणि कंपनीने आपला नियम पाळला होता. बाबांचं नाव गेलं होतं. जन्माचं साल गेलं होतं. पिशवी खांद्यावर घेतलेला फोटोही गेला होता. वर एक राखाडी चौकट, तिच्यातून खाली आलेल्या रेघेला दुसरी राखाडी चौकट. दोन्हींत एकच शब्द.

"आता यात तू कोणती आणि मी कोणता?" बाबांनी विचारलं.

"वरची तुमची. खालची माझी."

बाबा त्या रेघेकडे बघत राहिले. दोराला टांगलेल्या लिफ्टसारखं त्यांना ते दिसत असावं, कारण पुढे ते लिफ्टचंच बोलले.

"आत एक घंटा असते. लिफ्ट अडकली की लोक दार बडवतात, सगळी बटणं दाबतात, घंटा मात्र सुचत नाही. काही जण तर नुसते गप्प उभे राहतात. उगीच कुणाला त्रास नको म्हणून. ती माणसं सगळ्यांत उशिरा सुटायची. आत कुणी आहे हेच आम्हाला कळायचं नाही." त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे दिला. त्याची काडी सैल झाली होती. "तू कधी वाजवली नाहीस."

बारकीने पर्समधून बारीक स्क्रूचा पेचकस काढला. "वाजवली असती तर?"

"मला ऐकू आली असती."

"आणि मग?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. दारापलीकडे जिना होता.

"मग काय," ते म्हणाले. "मला उतरता कुठे येतं?"

तिने काडी घट्ट केली, चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, कानांमागे टोचत नाही ना ते बोटाने चाचपून पाहिलं. मग त्यांची न्हाणीची वेळ झाली म्हणून ती वाकली आणि तिने आपला खांदा पुढे केला.